निरंक अण्णा

आमच्या जिल्हा परिषदेत शिपायापासून खातेप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना निरंक अण्णा म्हणत, आणि तेही तोंडावर. अण्णांना त्यात काही गैर वाटत नसे. तक्त्याच्या ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसतं तिथे 'निरंक' लिहायचं, ही कचेरीतल्या मराठीची जुनी रीत. "शून्य लिहू नये," अण्णा नव्या पोरांना सांगत. "शून्याच्या डाव्या अंगाला कुणी एक काढला की झाले दहा. आडवी रेघ मारली तर वरून पत्र येतं, माहिती अपूर्ण. निरंक लिहावं. निरंकाला आजवर कुणी उपप्रश्न विचारलेला नाही."

मी कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झालो तेव्हा मला त्यांच्या समोरची खुर्ची मिळाली. तिचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली १९९०च्या सुमाराचा वार्षिक प्रशासन अहवाल घातलेला होता. त्या अहवालाचा एवढा थेट उपयोग दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

जिल्हा परिषदेत कामाला टेबल म्हणतात. बदल्यांचं टेबल, बिलांचं टेबल, अनुकंपाचं टेबल. काही टेबलं मिळावीत म्हणून लोक पुढाऱ्याची चिठ्ठी आणतात. अण्णांकडचं टेबल विधिमंडळाचं, आणि ते मिळू नये म्हणून लोक डॉक्टरची चिठ्ठी आणत. तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, नियम १०५ची लक्षवेधी, कपात सूचना, मंत्र्यांनी भर सभागृहात देऊन ठेवलेली आश्वासनं, आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे पंचायत राज समिती. आमदारांनी जिल्हा परिषदेला जे जे विचारायचं, ते शेवटी अण्णांच्या टेबलावर येऊन पडे. अण्णांनी हे टेबल म्हणे मागून घेतलं होतं. का, ते मला फार उशिरा कळलं.

अण्णांची जन्मतारीख १ जून १९६५. अर्थात शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी लावलेली. "आणि खरी?" असं मी एकदा विचारलं होतं. "निरंक," अण्णा म्हणाले. स्वतःपेक्षा जिल्हा परिषदेचा जन्म त्यांना पक्का ठाऊक होता. १ मे १९६२. वसंतराव नाईक समितीनं शिफारस केली, कायदा झाला, आणि शाळा, दवाखाने, खेड्यातले रस्ते, विहिरी असं सगळं जिल्ह्याच्या ओटीत आलं. पुढे १९९३मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि एकोणतीस विषयांची यादी घटनेच्या परिशिष्टात जाऊन बसली. हे सांगून झालं की अण्णा चष्मा पुसत. "अधिकार खाली आले. पैसा हप्त्याहप्त्यानं खाली येतो. आणि प्रश्न? तो मुंबईहून येतो, दुपारी दोनच्या आत उत्तर मागतो."

तो येई कसा, ते एकदा जवळून सांगितलं पाहिजे. डोंगराकडच्या एका वाडीत आमची दोन खोल्यांची शाळा. तिचे पत्रे गळतात, हे त्या भागातल्या कार्यकर्त्यानं आमदारांच्या कानावर घातलं, आमदारांच्या स्वीय सहायकानं त्याचा प्रश्न केला, आणि विधानभवनातून मंत्रालय, मंत्रालयातलं कार्यासन, तिथून आमची ईमेल अशा वाटेनं तो खाली उतरला. वर लाल अक्षरात 'अत्यंत तातडीचे'. खाली नेहमीची बांधणी. सदर शाळेचे छत गळत असल्यामुळे विद्यार्थ्यांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीवर किती खर्च झाला? असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय? नसल्यास, होत असलेल्या विलंबाची कारणे काय आहेत?

ही 'असल्यास–नसल्यास'ची शिडी अण्णांच्या घरातही पोचली होती. वहिनी दारातच विचारत, "दळण आणलंत का? असल्यास, पिशवी कुठे आहे? नसल्यास, कारणं नकोत, परत जा."

आता उत्तर जमवायचं. फोन गटशिक्षणाधिकाऱ्यांना, त्यांचा केंद्रप्रमुखांना, त्यांचा वाडीवरच्या बाईंना. बाईंनी बिचारीनं मोबाइलवर लिहून पाठवलं, सर, दोन्ही खोल्या गळतात, मुलं व्हरांड्यात बसवते, व्हरांडाही गळतो. तेच केंद्रप्रमुखांकडून 'दोन्ही खोल्यांत गळती आहे' असं निघालं. गटानं लिहिलं, 'काही ठिकाणी गळती आढळते.' शिक्षण विभागानं लिहिलं, 'अतिवृष्टीच्या काळात गळती संभवते.' वर चढता चढता पाऊस असा ओसरत जातो. अण्णांच्या टेबलावर कागद आला तेव्हा तो जवळजवळ कोरडा होता.

मग अण्णा लिहायला बसत. सभागृहाला द्यायच्या उत्तराच्या तीन जाती. 'हे खरे आहे' ही पहिली, आणि ती फक्त निरुपद्रवी गोष्टींसाठी राखून ठेवायची. म्हणजे ते गाव त्या तालुक्यात आहे काय, वगैरे. 'हे खरे नाही' ही दुसरी, आणि ती विजेच्या तारेसारखी. उद्या आमदारांनी फोटो दाखवला तर सभागृहाची दिशाभूल, त्यातून विशेषाधिकारभंग, आणि साहेबांपासून आपल्यापर्यंत सगळे मुंबईच्या वाऱ्या करणार. तिसरी जात अण्णांची लाडकी. 'हे अंशतः खरे आहे.' अंशतः या शब्दातला विसर्ग ते जपून देत, दोन टिंबं बरोबर एकाखाली एक, जणू कुंकू लावताहेत. "हा विसर्ग आहे तोवर आपल्याला पेन्शन आहे," ते म्हणत. शेवटच्या दोन भागांना मग एकच ओळ लागे. 'प्रश्न उद्भवत नाही.' या ओळीपाशी मी रुजू झाल्याच्या पहिल्या वर्षी अडखळलो होतो. प्रश्न विचारलेला असतो, छापलेला असतो, त्याच्या डोक्यावर तारासुद्धा काढलेला असतो, आणि तरी तो उद्भवत नाही. अण्णांना माझी शंका पोरकट वाटली. "अरे ज्युनियर, विचारणं वेगळं. उद्भवणं वेगळं."

इथे आमदारांविषयी दोन शब्द, नाहीतर सगळी गंमत आमच्याच अंगाशी येईल. सगळेच प्रश्न काही जनतेच्या कळवळ्यानं येत नाहीत. एखाद्याचा ठेकेदार डावललेला असतो, एखाद्याला नको असलेल्या अधिकाऱ्याची बदली हवी असते, आणि एखादा प्रश्न तास सुरू होण्याआधीच कुठेतरी मिटलेला असतो. हे सगळं अण्णांना कागद हातात घेतल्याबरोबर कळे. विचारलेल्या रकमेत पैसे सुद्धा अचूक असले तर ती माहिती आतून गेलेली, असा त्यांचा ठोकताळा. तरी प्रश्नाबद्दल त्यांच्या मनात एक आदर होता. कारण उत्तरात 'दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार करण्यात आले आहे' असं लिहायचं तर ते खरोखर तयार असावं लागतं. मग त्या दुपारी कनिष्ठ अभियंत्याला मोटरसायकलवर घालून वाडीवर धाडलं जाई. चार वर्षं ज्याला वेळ नव्हता तो टेप घेऊन पत्र्यावर चढे. पत्रे लगेच बदलत नसत, ते वेगळं. पण फाइल जन्माला येई. "प्रश्नाला उत्तर मिळत नाही," अण्णा म्हणत, "पण प्रश्नाला फाइल होते. हे काय कमी आहे?"

डिसेंबरात अधिवेशन नागपूरला गेलं की आमच्याकडे रजा बंद, मुख्यालय सोडू नये असा आदेश. तिकडे हुरडा आणि संत्री, इकडे रात्री दहापर्यंत चहा आणि भडंग. मार्चमध्ये तर विचारू नका. दोन वर्षांच्या मुदतीतला निधी ३१ मार्चच्या रात्री बाराच्या आत खर्ची पडला नाही तर सरकारजमा होतो, म्हणून निम्मी इमारत बिलांवर बसलेली. आणि त्याच वेळी अर्थसंकल्पी अधिवेशनातून प्रश्न येतो, निधी अखर्चित राहिला हे खरे आहे काय?

पण हे सगळे सण. पंचायत राज समिती म्हणजे लग्न.

राज्यात जिल्हा परिषदा चौतीस. दोन्ही सभागृहांतले आमदार या समितीत असतात आणि ती आळीपाळीनं जिल्ह्यांत उतरते. दौरा तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी भेटीगाठी आणि लेखापरीक्षेचे मुद्दे, दुसऱ्या दिवशी तुकड्या करून पंचायत समित्या, शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. हातात स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल, तोही पाच-सहा वर्षांपूर्वीचा. म्हणजे ज्यानं खर्च केला तो निवृत्त, ज्यानं मोजमाप पुस्तिका लिहिली तो बदलून गेलेला, ज्यानं प्रमाणक हरवलं त्याला बढती मिळालेली, आणि साक्षीला उभे राहणार ते सात महिन्यांपूर्वी आलेले साहेब.

दौरा जाहीर झाला की इमारतीला हुडहुडी भरते. आमच्या वेळी प्रत्येक सदस्यामागे एक संपर्क अधिकारी नेमला होता, आणि त्याच्यासाठी छापलेल्या माहितीपत्रकात पहिला रकाना मतदारसंघ नव्हता. तो होता 'चहा – साखरेचा / बिनसाखरेचा'. ग्रामपंचायतींना रंग लागला. शाळांच्या स्वच्छतागृहांची कुलपं निघाली. एका दवाखान्यात वजनकाटा नव्हता, तो शेजारच्या तालुक्यातून आला आणि तुकडी तिकडे वळताच मागच्या रस्त्यानं तिच्याआधी घरी पोचला. पोरांकडून पाढे घोटून घेतले. एका आमदारांनी चौथीतल्या मुलाला तेराचा पाढा विचारला. त्यानं धाडधाड म्हटला. आमदार गप्प, गटविकास अधिकारी गप्प. बरोबर आला की नाही हे सांगायला शेवटी हेडमास्तरांना पुढे यावं लागलं.

दौऱ्याच्या चार दिवस आधी साक्षीची रंगीत तालीम ठरली. सीईओ मॅडम परराज्यातल्या, मराठी वर्षभरात शिकलेल्या, आणि म्हणून आमच्यापेक्षा शुद्ध बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, समितीचे अध्यक्ष कोण होणार? खातेप्रमुखांपैकी कुणी तयार होईना. अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायचे म्हणजे उद्याची वैरं. कुणीतरी गमतीत म्हणालं, अण्णांना बसवा.

अण्णा बसले. मधल्या उंच पाठीच्या खुर्चीत. चष्मा लावला, समोरचा अहवाल न उघडताच बाजूला सारला, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो माणूस बदलला.

"कार्यकारी अभियंता. परिच्छेद सत्तावन्न."

"साहेब, अनुपालन सादर केलेलं आहे."

"अनुपालन मीच लिहिलंय, ते मला नका सांगू. मुरूम कुठून आणला?"

"अंदाजपत्रकात चौदा किलोमीटरची वाहतूक मंजूर—"

"मंजूर किती ते नाही विचारलं. खाण कुठली?"

अभियंत्यांनी फाइल उघडली, मिटली, परत उघडली.

"त्या रस्त्याला लागूनच डाव्या हाताला एक टेकडी होती," अण्णा म्हणाले. "आता अर्धी आहे. उरलेली अर्धी चौदा किलोमीटर फिरून आली काय?"

कुणी हसलं नाही. अण्णा आरोग्याकडे वळले. खोकल्याचं औषध ३१ मार्चला साठा नोंदवहीत जमा, मुदत जूनअखेर. "तीन महिन्यांत आपल्या जिल्ह्याला एवढा खोकला येणार, हे कुणी कळवलं होतं?" मग पाणीपुरवठा. मग समाजकल्याणाच्या शिलाई यंत्रांतली एकाच आडनावाची अकरा. परिच्छेद क्रमांक, प्रमाणक क्रमांक, धनादेशाची तारीख, सगळं तोंडपाठ. एकाही प्रश्नात 'असल्यास' नाही, 'नसल्यास' नाही. तीस वर्षं ज्यानं उत्तरं लिहिली त्याला प्रश्न कुठे असतो ते ठाऊक असणारच, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. वित्त अधिकाऱ्यांनी उठून पंखा वाढवला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अण्णा, समिती एवढ्या खोलात जात नाही."

"नाही जात, मॅडम," अण्णा उठत म्हणाले. ते परत आमचे अण्णा झाले होते. "पण तालीम म्हणालात, म्हणून."

दुसऱ्या दिवशी समित्यांची सुधारित यादी लागली. अण्णांचं नाव नाश्ता समितीत होतं. दौऱ्याचे पहिले दोन दिवस ते विश्रामगृहावर पोहे मोजत होते. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना बोलवावंच लागलं, कारण कुठलं प्रमाणक कुठल्या गठ्ठ्यात आहे हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. ते मागच्या रांगेत बसले, मी त्यांच्या शेजारी गठ्ठे घेऊन.

साक्ष म्हणजे काही खटला नव्हे. एक सदस्य फक्त आपल्या तालुक्याचा मुद्दा आला की जागे होत. एक तरुण सदस्य खरोखर सगळं वाचून आलेले, परिच्छेद, पान, ओळ असं भराभर विचारत. पण त्यांचा प्रश्न पुरा होईतो अध्यक्ष 'पुढचा मुद्दा' म्हणत, कारण तासात तीसेक मुद्दे उरकायचे होते. टेकडी कुणाला आठवली नाही. एक वयस्क सदस्य डोळे मिटून होते. त्यांनी मधेच डोळे उघडले. आदल्या दिवशी त्यांची तुकडी त्या वाडीवर गेली होती.

"ती दोन खोल्यांची शाळा," ते म्हणाले. "काल ऊन होतं म्हणून मला कळलं नाही. पावसात गळते का हो?"

यादीत नसलेला प्रश्न. मॅडमनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाहिलं, त्यांनी मागे पाहिलं, मागच्यांनी आणखी मागे. अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली, चतकोर कागदावर एक शब्द लिहिला. चिठ्ठी चार हातांतून पुढे गेली. माझ्यासमोरूनच गेली म्हणून मी वाचली. 'गळते.'

मॅडमनी ती वाचली, उलटी ठेवली, आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "महोदय, दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार करण्यात आलेले आहे."

"छान," ते सदस्य म्हणाले आणि त्यांनी परत डोळे मिटले. पुढचा मुद्दा.

२०२२च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आमच्याकडेही प्रशासक आले. सर्वसाधारण सभेत टेबल बडवणारे सदस्य गेले आणि सभागृहात प्रशिक्षणं भरू लागली. विचारणारे उरले ते मुंबईचेच. अण्णांचं शेवटचं वर्ष असं शांततेत गेलं.

निवृत्तीच्या आधी त्यांच्या कपाटातले सहा गठ्ठे आम्ही लावायला घेतले. उत्तराची एक प्रत मंत्रालयाला जाते आणि एक स्थळप्रत म्हणून आपल्याकडे राहते. मी सहज एक उघडली. शाईत टंकलेलं होतं, 'हे अंशतः खरे आहे.' शेजारच्या समासात पेन्सिलीनं, अण्णांच्या बारीक अक्षरात, 'दोन्ही खोल्या. व्हरांडापण. बाई खडू पिशवीत ठेवते.' दुसरी उघडली. 'योजना कार्यान्वित आहे.' समासात, 'मोटर आहे. पाणी नाही.' तिसरी. 'वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद भरलेले आहे.' 'पद भरले. माणूस प्रतिनियुक्तीवर.' आणखी एक, 'विलंब झालेला नाही.' बाजूला, 'वही हरवली. माझ्याच टेबलावरून. दिवाळीत सापडली.' गठ्ठ्यामागून गठ्ठा. ती चतकोर चिठ्ठीसुद्धा होती, टाचणीनं लावलेली.

"हे काय, अण्णा?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "अरे, पुढच्या वर्षी तोच प्रश्न परत येतो. अंशतः खरं लिहायचं तर आधी पूर्ण खरं माहीत नको?" मग जरा थांबून, "शाईचं सभागृहाला. पेन्सिलीचं टेबलाला."

"आणि कुणी तपासणीत पाहिलं तर?"

"तीस वर्षांत कुणी स्थळप्रत उघडलेली नाही," अण्णा म्हणाले. त्यात समाधान होतं की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

३१ मेला आमच्या इमारतीतून एकूण सात जण निवृत्त झाले, सगळे हेडमास्तरांच्या कृपेनं १ जूनचे. शाल, श्रीफळ, भाषणं, प्रत्येकाला अजातशत्रू म्हणून झालं. अण्णांना दोन शब्द बोला म्हटल्यावर ते माइकपाशी गेले आणि खरोखर दोनच बोलले, "आभारी आहे." संध्याकाळी इमारत रिकामी झाल्यावर त्यांनी कार्यभार हस्तांतरणाची यादी माझ्यापुढे ठेवली. कपाट एक, किल्ल्या दोन. गठ्ठे सहा. आवक-जावक नोंदवह्या चार. गोल शिक्का एक. मी एकेक वस्तू पाहत खुणा करत गेलो. सर्वांत खाली दोन नोंदी होत्या, तशाच जपलेल्या अक्षरात.

पेन्सिल – १ (अर्धी).

खोडरबर – निरंक.